शेजारी एवढी मोठी बाजारपेठ, तरी देश बाहेर का राहतो?

प्रश्न नागपुरातल्याच एका एम.ए.च्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: नॉर्वे आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या अगदी कुशीत बसलेले, सुखवस्तू देश, मग ते सदस्य का होत नाहीत? 2019 मध्ये भारत आरसेपमधून, म्हणजे चीन, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंतच्या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून, बाहेर पडला, तो त्याच कारणानं का? की हा सगळा राष्ट्राभिमानाचा मामला आहे?

मी प्राध्यापक नाही. तीसएक वर्षं नागपुरात कस्टम्स क्लिअरन्स आणि निर्यात सल्ल्याचं काम करतो आहे. सुरुवात अजनीच्या कंटेनर डेपोत फायली उचलण्यापासून झाली. त्यामुळे करारांच्या प्रस्तावनेत काय लिहिलंय याचं मला फारसं कौतुक नाही. मी आधी परिशिष्टं उघडतो. कोणत्या वस्तूवर किती ड्यूटी, किती वर्षांत कमी होणार, कोणती वस्तू यादीतून वगळली, हे तिथं असतं, आणि देशांची भांडणंही तिथंच होतात.

आधी घरचं उदाहरण घेतो. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. भारत आणि बांगलादेश दोघंही सार्कमध्ये आहेत, 2006 पासून लागू असलेल्या साफ्ता या मुक्त व्यापार करारातही आहेत. तरी 2019 ते 2023 या काळात बांगलादेशनं आपल्या संत्र्यावरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवत चौपटीच्या वर नेलं. माल जाणं कमी झालं, बागेतला भाव बसला. त्या हंगामात काटोलकडचे एक बागायतदार माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले, "साहेब, आपण त्यायच्यासंगं एका करारात हाओत म्हन्ता, मंग हे ड्यूटी काहून वाढून राह्यली?"

मी त्यांना संवेदनशील वस्तूंची यादी समजावली. साफ्तात प्रत्येक देशाला काही वस्तू सवलतीतून वगळता येतात. शिवाय मूळ सीमाशुल्काला हात न लावता दुसऱ्या नावाचे कर चढवायच्या वाटाही उघड्या राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे करार त्यायच्या सोयीचा." हे अगदीच चूक नव्हतं. आपण 2011 मध्ये सार्कमधल्या अल्पविकसित देशांना, म्हणजे बांगलादेशलाही, दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तू सोडून जवळपास सगळं शुल्कमुक्त केलं होतं.

पण बांगलादेशच्या बाजूनंही बघा. 2022 मध्ये त्यांच्याकडचे डॉलर आटायला लागले, तेव्हा त्यांनी फळं, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं अशा 'नसली तरी चालतील' वस्तूंवर जादा शुल्क लावलं. अडचणीच्या दिवशी फिरवता येईल अशी तोटी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी फिरवली. त्याचा फटका आमच्या काटोलला बसला, पण सरकार म्हणून त्यांनी जे केलं ते बहुतेक देश करतील. घट्ट संघात गेलं की नेमकी ही तोटी दुसऱ्याच्या हातात जाते. म्हणून एखादा देश 'नको' म्हणतो तेव्हा मी दोनच गोष्टी शोधतो. कोणती तोटी सोडायला तो तयार नाही? आणि न सोडताही त्याला पाणी मिळायची दुसरी सोय आहे का?

'संघ' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात, ते आधी मोकळं करतो. आपल्याकडे 1 एप्रिल 2013 पर्यंत महापालिकेची जकात होती. माझ्या वयाच्या माणसाला नाक्यावरची ट्रकांची रांग वेगळी सांगावी लागत नाही. दोन शहरांनी ठरवलं की एकमेकांच्या मालावर जकात घ्यायची नाही, पण तिसऱ्या शहराच्या मालावर ज्यानं त्यानं हवी ती घ्यावी, तर तो झाला मुक्त व्यापार करार. तिसऱ्यासाठीही दोघांचा दर एकच ठेवायचा ठरला, तर सीमाशुल्क संघ. पुढे माणसं, पैसा, सेवा आणि मालाच्या दर्जाचे नियमही एक केले, तर एकल बाजारपेठ. आणि त्यावर नोटाही एकच, म्हणजे चलन संघ. युरोपीय संघ तिसऱ्या पायरीवर आहे, त्यातले बहुतेक देश चौथ्या. आरसेप आणि साफ्ता पहिल्याच पायरीवरचे. विद्यार्थी या सगळ्यांना एकाच मापानं मोजतात, तिथं गोंधळ होतो.

तोटी सोडणं म्हणजे काय हे समजायला 1 जुलै 2017 आठवा. जीएसटी आला आणि राज्यांच्या हातातले बरेच कर परिषदेकडे गेले. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. महाराष्ट्राला एकट्याला आता सिमेंटवरचा दर हलवता येत नाही. राज्यं कबूल झाली कारण पाच वर्षं 14 टक्के वाढ धरून भरपाई देण्याचं कायद्यात लिहून मिळालं. शिवाय वर एक संसद होती, एकच सैन्य, एकच रिझर्व्ह बँक. देशांच्या संघात यातलं पुष्कळ काही नसतं आणि मागणी मात्र जीएसटीएवढी, कधी त्याहून जास्त असते.

आता नॉर्वे. या देशानं दोनदा सार्वमत घेतलं आणि दोनदा नकार दिला: 1972 मध्ये 53.5 टक्क्यांनी आणि 28 नोव्हेंबर 1994 ला 52.2 टक्क्यांनी. दोन्ही वेळा सरकारला आत जायचं होतं. 1972 च्या निकालानंतर पंतप्रधान ट्रिग्वे ब्राटेली यांनी राजीनामा दिला. 1994 मध्ये पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांनी पूर्ण जोर लावूनही लोक ऐकले नाहीत. म्हणजे राजधानीतल्या मंडळींना फायदा दिसत होता आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या मासेमारांना तोटा दिसत होता. संसदेत एक चित्र आणि मतपेटीत दुसरं, हे आपल्या वाचकांना नवीन नसावं.

माशांचं प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. युरोपीय समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाच्या, मूळ सहा देशांनी सामायिक मत्स्यधोरण ठरवलं ते 1970 मध्ये, आणि नेमकं त्याच वेळी ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्या प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू होत होत्या. तत्त्व असं ठेवलं की सदस्यांच्या समुद्रात सगळ्या सदस्यांच्या बोटींना सारखा प्रवेश. येऊ घातलेल्या चौघांकडे मासळीनं भरलेला समुद्र होता, सहा जणांकडे त्या मानानं कमी. घरात येणाऱ्या सुनेच्या दागिन्यांचं काय करायचं हे लग्नाच्या आदल्या रात्री सासरच्यांनी बसून ठरवावं, तसं झालं. नॉर्वेच्या मत्स्यमंत्र्यांनी मिळालेल्या अटी न पटल्यानं 1972 च्या सुरुवातीलाच राजीनामा दिला होता. त्यात नॉर्वेची शेतीलायक जमीन जेमतेम तीन टक्के, शेती सरकारी आधारावर उभी. दक्षिणेकडचं स्वस्त धान्य आणि दूध शुल्काविना आलं असतं तर उत्तरेकडची गावं ओस पडली असती. आणखी एक गोष्ट आकडेवारीत सापडत नाही. नॉर्वेजियन माणसाच्या कानाला 'युनियन' हा शब्दच कडू लागतो. 1814 पर्यंत चार शतकं डेन्मार्कबरोबर, मग 1905 पर्यंत स्वीडनबरोबर, अशा दोन युनियन त्यांनी भोगल्या होत्या.

तरी माझ्या मते 1994 च्या नकाराचं सगळ्यात मोठं कारण तारखांत दडलंय. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार लागू झाला 1 जानेवारी 1994 ला. म्हणजे सार्वमताच्या अकरा महिने आधीच नॉर्वेला एकल बाजारपेठेचं दार उघडलं होतं, आणि त्या करारातून शेती वगळली होती, मत्स्यधोरणही बाहेरच होतं. कारखान्याचा माल विकायला मोकळीक, मासे आणि दूध आपल्या ताब्यात, शिवाय समुद्रात तेल. अशा देशाला 'नाही' म्हणायला पडतंय काय? नकार स्वस्त होता म्हणून तो देता आला. 2004 मध्ये पोलंड, हंगेरी, बाल्टिक देश आत गेले तेव्हा त्यांच्याजवळ असा मागचा दरवाजा नव्हता, तेल नव्हतं, आणि पूर्वेला रशिया होता. त्यांच्यासाठी नकार फार महाग पडला असता. 'श्रीमंत असूनही का जात नाहीत' या प्रश्नातला 'असूनही' काढून 'असल्यामुळे' लिहा, बरंचसं उत्तर तिथंच मिळेल.

आइसलँडची गोष्ट हेच पडताळून देते. 2008 मध्ये तिथल्या बँका कोसळल्या, 2009 मध्ये त्यांनी सदस्यत्वाचा अर्ज केला, 2013 मध्ये वाटाघाटी थांबवल्या, 2015 मध्ये आम्हाला उमेदवार समजू नका असं कळवलं. घर सावरलं तसा अर्ज गार पडला. ग्रीनलँड तर डेन्मार्कबरोबर 1973 मध्ये आत ओढलं गेलं होतं. 1982 मध्ये सार्वमत घेऊन 1985 मध्ये बाहेर पडलं. कारण पुन्हा मासेच.

स्वित्झर्लंडबद्दल सगळे तटस्थतेचं सांगतात. ते खरं आहे, पण मला अर्धंच वाटतं. तिथली अडचण त्यांच्या राज्यपद्धतीत आहे. संसदेनं केलेल्या कायद्याविरुद्ध 100 दिवसांत 50 हजार सह्या गोळा झाल्या की तो लोकांपुढे जातो. 18 महिन्यांत एक लाख सह्या झाल्या की राज्यघटना बदलायचा प्रस्तावही. आता ब्रुसेल्सनं, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयानं, केलेला नियम आपोआप लागू होणार असेल, तर या सह्यांना अर्थ काय राहिला? 6 डिसेंबर 1992 ला युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करारसुद्धा त्यांनी 50.3 टक्क्यांनी फेटाळला. मग एकेका विषयावर वेगळे करार करत गेले, शंभराच्या वर. 2014 मध्ये स्थलांतरावर मर्यादा घालायचा कौल आला, तोही 50.3 टक्क्यांनीच, आणि युरोपीय संघानं लगेच संशोधन आणि विद्यार्थी देवाणघेवाणीच्या योजनांतला त्यांचा सहभाग अडवला.

लोक ज्याकडे कमी बघतात, आणि माझ्या धंद्यात जे सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे बाहेरच्या जगाशी करार करण्याचा हक्क. सीमाशुल्क संघात गेलात की तो गेला. चिली हे त्याचं उत्तम उदाहरण. शेजारी ब्राझील-अर्जेंटिना मिळून मर्कोसूर हा सीमाशुल्क संघ चालवत होते. त्यांचा बाहेरच्या मालावरचा सामायिक दर 20 टक्क्यांपर्यंत जाणारा, आणि चिलीचा तेव्हा सरसकट 11 टक्के. आत जायचं तर चिलीला स्वतःचे दर वाढवावे लागले असते. 1996 मध्ये ते सहयोगी सदस्य म्हणून दारात बसले, आत गेले नाहीत. पुढे दर आणखी खाली आणून 6 टक्के केला आणि साठाहून जास्त देशांशी स्वतंत्र करार केले. संघ म्हणजे मोकळा व्यापार आणि बाहेर राहणं म्हणजे भिंत, हे समीकरण डोक्यात असेल तर चिली आठवावं.

तुर्कस्तान याच्या बरोब्बर उलट फसलं. 1995 च्या शेवटच्या दिवशी त्यांनी युरोपीय संघाशी सीमाशुल्क संघ केला, पुढे सदस्यत्व मिळेल या आशेवर. सदस्यत्व आजतागायत नाही. त्यामुळे होतं काय, युरोपीय संघानं मेक्सिकोशी करार केला की मेक्सिकोचा माल युरोपात शुल्काविना उतरून तिथून तुर्कस्तानात जाऊ शकतो. पण तुर्की माल मेक्सिकोत जाताना पूर्ण शुल्क भरतो, कारण मेक्सिकोनं तुर्कस्तानशी वेगळा करार केलेला नाही. टेबलावर खुर्ची नाही, पण बिल मात्र वाट्याला. अर्धवट आत जाणं हे पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर यापेक्षा वाईट ठरू शकतं, हे मी नव्या निर्यातदारांना या एका उदाहरणावरून सांगतो.

चलनाबद्दल फार लिहीत नाही. 2010 मध्ये ग्रीस अडकला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचं चलन असतं तर त्याचं अवमूल्यन करून निर्यात स्वस्त करता आली असती. युरोमुळे ती तोटी नव्हती, म्हणून पगार आणि पेन्शन कापावे लागले. डेन्मार्कनं 2000 मध्ये आणि स्वीडननं 2003 मध्ये सार्वमतात युरो नाकारला होता, आणि ग्रीसनंतर तिथं त्याचा कुणाला पश्चात्ताप झाल्याचं दिसत नाही.

आपल्या उपखंडातलं माझं आवडतं उदाहरण भूतान. 15 जून 2015 ला थिंफूमध्येच बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशात थेट जावा म्हणून. भूतानच्या कनिष्ठ सभागृहानं तो मंजूर केला, वरिष्ठ सभागृहानं 2016 मध्ये फेटाळला. अरुंद डोंगरी रस्ते, 60 टक्के जंगल राखायची घटनेतलीच अट, आणि जेमतेम साडेसात लाखांच्या आसपास वस्ती. नागपूर शहरातल्या दोन-तीन विधानसभा मतदारसंघांएवढा देश. आपले ट्रक तिथं सुटले तर काय होईल याचा त्यांना अंदाज होता. शेवटी भूताननं बाकी तिघांना सांगितलं, तुम्ही पुढे व्हा. यात भारताशी वैर नव्हतं. भारताशी त्यांचा मुक्त व्यापार 1972 पासून चालत आलाय आणि त्यांचं चलन रुपयाला बांधलेलं आहे. दुसरी सोय हातात होती.

इथं एक नागपुरी आडवळण घेतो, माफ करा. आत जाताना दिलेली वचनं पुढे कोण पाळतं, ही शंका आपल्याला शिकवावी लागत नाही. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेला 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार, त्यातून दर हिवाळ्यात इथं भरणारं अधिवेशन, विकास मंडळांची तरतूद करणारं घटनेचं कलम 371(2), 1994 मध्ये झालेलं वैधानिक विकास मंडळ आणि 30 एप्रिल 2020 ला संपलेली त्याची मुदत. विदर्भ काही सार्वभौम देश नाही, तेव्हा तुलना ताणू नका. पण छोटा भागीदार मोठ्या घरात शिरताना लेखी काय आणि तोंडी काय, हे का तपासतो, ते नागपूरकराला लवकर कळतं. युरोपीय संघातून बाहेर पडायचं कलमसुद्धा, ते प्रसिद्ध कलम 50, 2009 मध्ये लिस्बन करारानं आलं. तोपर्यंत बाहेरचा रस्ता कागदावर लिहिलेलाच नव्हता.

बाहेर राहण्याची किंमत नसते असं समजू नका. नॉर्वे एकल बाजारपेठेचे नियम पाळतो, ते ठरवताना त्याला मत नसतं. वर 2014 ते 2021 या टप्प्यासाठी गरीब सदस्य देशांना 2.8 अब्ज युरोचा निधी ठरला, त्यातला जवळपास सगळा नॉर्वेचा. याला ते लोक स्वतःच थट्टेनं 'फॅक्सवरची लोकशाही' म्हणायचे. कायदे ब्रुसेल्सहून फॅक्सनं येतात म्हणून. आपल्याकडची किंमत कापसात दिसते. 1 ऑगस्ट 2020 पासून व्हिएतनामचा युरोपीय संघाशी करार लागू झाला, बांगलादेशला अल्पविकसित म्हणून शून्य शुल्क आधीच होतं, आणि भारतीय कपड्यांवर 9 ते 12 टक्क्यांच्या आसपास शुल्क पडत होतं. यवतमाळच्या कापसाचं सूत बांगलादेशात जाऊन शर्ट होऊन युरोपात स्वस्तात उतरू शकतं. आपल्याकडे शिवलेला शर्ट नाही.

आता आरसेप. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये पंतप्रधान मोदींनी भारत सही करणार नाही असं सांगितलं. 15 नोव्हेंबर 2020 ला उरलेल्या 15 देशांनी सह्या केल्या. आपल्या हरकती तांत्रिक होत्या आणि त्यातच जीव होता. शुल्ककपात मोजायचं पायाभूत वर्ष 2014 ठेवलं होतं. त्यानंतर आपण बऱ्याच वस्तूंवर शुल्क वाढवलं होतं, म्हणजे कात्री त्याहून खालच्या आकड्यापासून लागणार होती. आयात अचानक फुगली तर आपोआप लागू होणारं संरक्षण हवं होतं. आणि मालाचं मूळ ठरवायचे नियम कडक हवे होते.

या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व मला टेबलावर बसून कळलं. श्रीलंकेशी 2000 मध्ये करार लागू झाल्यावर तिथून वनस्पती तूप शुल्काविना येऊ लागलं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, श्रीलंकेत फक्त प्रक्रिया. शेवटी आपल्याला कोटा बांधावा लागला. नेपाळबाबतही तेच झालं होतं. खाद्यतेल असं मागच्या वाटेनं आलं की इथल्या सोयाबीनच्या भावावर दडपण येतं. आरसेपमध्ये तर चीन समोरच्या दारानं येणार होता, आणि 2018-19 मध्ये चीनशी आपली व्यापारातली तूट 50 अब्ज डॉलरच्या वर होती. दुधाचं तर विचारूच नका. न्यूझीलंड आपल्या दुधापैकी 95 टक्क्यांच्या आसपास निर्यात करतो. आपल्याकडे दोन-चार म्हशींवर घर चालवणारी कोट्यवधी कुटुंबं. नॉर्वेचे मासे ते आपलं दूध.

आणि नॉर्वेसारखाच आपला नकारही स्वस्त होता. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी आणि दक्षिण कोरियाशी 2010 पासून, जपानशी 2011 पासून आपले करार होतेच. आरसेपमुळे नव्यानं मिळणार होते ते मुख्यतः चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे ऑस्ट्रेलियाशी वेगळा करार झाला, 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला, आणि त्यात दूध बाहेर ठेवलं. तेव्हा तो निर्णय मला पटला होता, आजही पटतो. फक्त जो वेळ विकत घेतला त्यात कारखाने आणि डेअऱ्या किती सुधारल्या, हे विचारलं की मी जरा गप्प होतो.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गंमत सांगून थांबतो. युरोपीय संघाबाहेर राहिलेल्या नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि चिमुकल्या लिक्टेनस्टाइननं 10 मार्च 2024 ला भारताशी करार केला, तो 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे, आणि 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट त्यात लिहिलेलं आहे. 27 सदस्यांचा युरोपीय संघ भारताशी 2007 पासून बोलणी करत होता; हे चौघं आधी पोचले. आणि आरसेपचं विचाराल, तर त्या करारात भारतासाठी खास सोय आहे: इतर देशांना करार लागू झाल्यावर 18 महिने थांबावं लागलं, भारताला पहिल्या दिवसापासून केव्हाही अर्ज करता येतो. तसा अर्ज कधी झालाच, तर मी आधी दुधाचं परिशिष्ट उघडेन.